गुडघ्याच्या सुजेवर संत्र्याची साल: कोणती, किती, कशी

संत्र्याच्या सालीनं गुडघ्याची सूज उतरते का, हा प्रश्न मला काउंटरवर सारखा विचारला जातो. मी अमरावती जिल्ह्यातल्या वरुडात मेडिकल चालवते. माहेरी आणि सासरी दोन्हीकडे संत्र्याच्या बागा, त्यामुळे लोकांना वाटतं हिला गोळीतलंही कळतं आणि झाडातलंही. विचारणारे बहुतेक साठीच्या पुढचे, नाहीतर तोड्याच्या दिवसांत शिडीवर चढ-उतर करून आणि कॅरेट उचलून कंबर धरलेले. "ताई, गुडघे लय दुखून राह्यले, ते मागच्या वेळची गोळी द्या न." ती मागच्या वेळची गोळी म्हणजे डायक्लोफेनॅक नाहीतर अ‍ॅसिक्लोफेनॅक. चिठ्ठीशिवाय मी देत नाही. या गोळ्या महिनोन्‌महिने पोटात गेल्या की जठराला व्रण पडतात, मूत्रपिंडावर ताण येतो, बीपी वाढतं. ज्याला आधीच साखर आणि बीपी आहे त्याच्यासाठी तर हे फार महागात पडतं.

मग साल? माझं उत्तर असं: साल रोजच्या जेवणात जरूर घ्या, पण तिच्या भरवशावर गोळी सोडू नका. गुडघ्याचं ओझं कमी होतं ते वजन उतरवून, मांडीच्या स्नायूंचे व्यायाम करून, शेक घेऊन. गोळी कमी करायची तर ती डॉक्टरांशी बोलून. साल या सगळ्यांच्या जोडीला असावी. ती कशी तयार करायची, किती खायची आणि कुणी तिच्या वाटेला जाऊ नये, ते खाली सविस्तर लिहिते आहे.

सालीत आहे तरी काय

संत्र्याच्या सालीचे दोन थर असतात. बाहेरचा केशरी, त्यात तेलाचे बारीक पुटकुळे. साल दुमडली की डोळ्यांत उडतं तेच हे तेल, आणि त्यात मुख्यतः लिमोनीन असतं. आतला थर पांढरा, फोडींना चिकटणाऱ्या धाग्यांसकट. आपण पांढरं काढून टाकतो, कारण ते कडवट लागतं. पण हेस्पेरिडिन नावाचा जो पदार्थ सुजेच्या संदर्भात सगळ्यात जास्त अभ्यासला गेला, तो या पांढऱ्या भागातच भरपूर असतो. १८२८ साली लेब्रेतों या फ्रेंच रसायनतज्ज्ञानं तो वेगळा काढला, तोही याच भागातून.

सूज येते म्हणजे काय होतं? केसांहून बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती सैल पडतात, त्यांतून द्रव बाहेर झिरपतो, आणि त्या जागी दाह करणारी रसायनं जमतात. १९३६ मध्ये हंगेरीचे शास्त्रज्ञ आल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लिंबातल्या अशाच पदार्थांनी या भिंतींची गळती कमी होते असं मांडलं आणि त्यांना 'पी' जीवनसत्त्व म्हटलं. पुढे ते जीवनसत्त्व नाही असं ठरलं, पण रक्तवाहिन्यांशी असलेलं नातं टिकलं. आजही मूळव्याधीसाठी आणि पायांच्या फुगलेल्या शिरांसाठी डॉक्टर जी गोळी लिहितात, तिच्यात ४५० मिलिग्रॅम डायोस्मिन आणि ५० मिलिग्रॅम हेस्पेरिडिन असतं. ते डायोस्मिनसुद्धा बहुधा हेस्पेरिडिनपासूनच तयार केलेलं असतं. माझ्या दुकानाच्या कप्प्यात ही गोळी कायम असते.

केशरी भागात आणखी दोन पदार्थ आहेत, नोबिलेटिन आणि टँजरेटिन. प्रयोगशाळेत, पेशींवर आणि उंदरांवर, त्यांनी दाहाची साखळी थोपवल्याचं दिसलं आहे. दुखण्याच्या गोळ्या ज्या एन्झाइमला अडवतात, त्याच्याच वाटेवर हेही काम करताना दिसतात. पण उंदराचा पंजा आणि साठ वर्षं शेतात वापरलेला माणसाचा गुडघा यांत फार अंतर आहे.

आता हिशोब मांडू. चीनमध्ये संत्र्याची वाळवलेली साल चेनपी नावानं औषधात वापरतात. त्यांच्या औषधकोशाच्या २०१५ च्या आवृत्तीत चेनपीत हेस्पेरिडिन किमान ३.५ टक्के असावं अशी अट होती. आपलं नागपुरी संत्रं त्याच कुळातलं, सुट्या सालीचं. तोच आकडा धरला तर सालीच्या दीड ग्रॅम पावडरीतून, म्हणजे रोजच्या अर्ध्या-पाऊण चमच्यातून, साधारण ५० मिलिग्रॅम हेस्पेरिडिन मिळेल. माणसांवर दाहासाठी जे प्रयोग झाले त्यांत बहुधा रोज ५०० मिलिग्रॅमच्या आसपास दिलेलं असतं. म्हणजे घरच्या पावडरीतून दहावा हिस्सा. "मग दहापट खातो" असं म्हणू नका. दहापट साल पोटाला झेपत नाही, आणि सालीवरची फवारणीही दहापट जाते. म्हणूनच मी सालीला औषध न म्हणता जेवणातली गोष्ट म्हणते. थोडी, पण नेमानं.

फळ कोणतं घ्यायचं

संत्र्याची आणि मोसंबीची साल खायला सगळ्यात सोयीची. आमच्याकडे आंबिया बहाराचं (बहार म्हणजे फुलोऱ्याचा हंगाम) फळ ऑक्टोबर ते डिसेंबर येतं, मृग बहाराचं फेब्रुवारी-मार्चात. दोन्ही चालतात. कागदी लिंबाची साल आपण लोणच्यातून पिढ्यान्‌पिढ्या खात आलो आहोत आणि तीच तिची खरी जागा आहे. मिठात मुरली की तिचा कडवटपणा मवाळ होतो. महाळुंग, म्हणजे जाड सालीचं मोठं लिंबू, मिळालं तर त्याच्या सालीचा मुरंबा करावा. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात महाळुंगाची साल कडू, तिखट, स्निग्ध आणि वात जिंकणारी सांगितली आहे, आणि आयुर्वेदात सांध्यांचं दुखणं वाताच्याच खात्यात येतं. कोकणातलं पपनस मात्र या कामासाठी घेऊ नका. कारण पुढे येईल.

फळ निवडताना चकाकीवर जाऊ नका. दूरच्या बाजारात जाणाऱ्या संत्र्यांना ग्रेडिंगच्या कारखान्यात धुऊन मेण लावतात, म्हणून ती आरशासारखी दिसतात. काळी माशी, कोळशी, मावा यांसाठी बागेत फवारण्या होतात, आणि त्यांतली काही औषधं झाडाच्या आत शिरणारी असतात. ती धुऊन निघत नाहीत. म्हणून साल खायची असेल तर ओळखीच्या शेतकऱ्याकडून घ्या आणि शेवटची फवारणी कधी झाली ते सरळ विचारा. विचारलेलं कुणाला वाईट वाटत नाही, उलट कुणी साल खाणार आहे हे ऐकून बरं वाटतं. अंगणात एखादं झाड असेल तर उत्तमच. पुण्या-मुंबईच्या वाचकांनी सेंद्रिय फळ पाहावं. तेही न मिळालं तर सालीचा नाद सोडून संत्रंच खावं, फोडींवरच्या पांढऱ्या धाग्यांसकट. सगळ्यात सोपा उपाय खरं तर तोच आहे.

आणखी एक. दिवाळीत उटण्यासाठी आणि फेसपॅकसाठी संत्र्याच्या सालीची पावडर पुड्यांत मिळते. ती तोंडाला लावायची असते. ती खाऊ नका.

धुणं, सोलणं, वाळवणं

सोलायच्या आधी अख्खं फळ धुवा. पातेलंभर कोमट पाण्यात एक मोठा चमचा खायचा सोडा घालून फळं दहा-पंधरा मिनिटं बुडवून ठेवा, मग हातानं किंवा मऊ ब्रशनं चोळून नळाखाली धरा. वरवरचा अंश यानं बराच निघतो. देठाच्या खळग्यात मळ साचतो, तिथे नीट चोळा, आणि सोलल्यावर तो भाग चाकूनं कापून टाका. फळ कोरडं पुसून मगच सोला.

संत्र्याची साल हातानंच सुटते. पांढरा पापुद्रा खरवडू नका, तोच हवा आहे. मोसंबीची साल चाकूनं काढावी लागते. तिचा पांढरा भाग जाड असतो, तो निम्मा राहू द्या, नाहीतर पावडर इतकी कडू होते की घरात कुणी तोंडाला लावत नाही. साली बोटाच्या पेराएवढ्या फाडा. मोठे तुकडे बाहेरून कोरडे दिसतात आणि आत ओल धरतात.

वाळवायच्या त्या सावलीत. सुती कापडावर एकेक तुकडा सुटा पसरायचा, वरून पातळ फडकं, आणि वारा खेळेल अशी जागा. थंडीत आमच्याकडे चार-पाच दिवसांत त्या वाळतात, कोकणात दमट हवेमुळे जास्त लागतात. कडक उन्हात लवकर वाळतात खऱ्या, पण वास उडून जातो, आणि वासाबरोबर तेलही. डिहायड्रेटर किंवा ओव्हन असेल तर ५०-५५ अंशांच्या वर नेऊ नका. तुकडा वाकवला आणि कडकन मोडला की झालं. वाकून परत सरळ होत असेल तर अजून ओल आहे.

इथे थोडं कठोर व्हा. बुरशीचा एक ठिपका दिसला, किंवा कोंदट वास आला, तर ती अख्खी ताटली फेकून द्या. तेवढाच तुकडा काढून बाकीचं ठेवणं बरोबर नाही, कारण बुरशीचं विष डोळ्यांना दिसत नाही आणि उकळूनही जात नाही.

वाळलेले तुकडे काचेच्या घट्ट झाकणाच्या बरणीत, अंधारात ठेवा. चीनमधल्या ग्वांगदोंग प्रांतात शिनहुईची साल तीन वर्षं आणि त्याहून जास्त मुरवतात, आणि जितकी जुनी तितकी महाग विकतात. आपल्या पावसाळ्यात तो खटाटोप करू नये. पुढच्या बहारापर्यंत संपवावी. पावडर एकदम सगळ्याची करू नका, पंधरा दिवस पुरेल एवढीच मिक्सरमधून काढा आणि चाळून घ्या.

खायची कशी

हेस्पेरिडिन थंड पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, गरम पाण्यातही थोडंच. त्यामुळे सालीचा काढा करून, गाळून, चोथा फेकून देणं म्हणजे मुख्य वस्तू केराच्या टोपलीत टाकणं. पोटात गेल्यावरही ते लगेच रक्तात शिरत नाही. मोठ्या आतड्यातले जंतू त्याला चिकटलेली साखर तोडतात आणि मग ते शोषलं जातं. म्हणूनच आज खाल्लं आणि संध्याकाळी गुडघा मोकळा झाला असं होणार नाही. तसं झालं तर ते काढ्याच्या ऊबेचं आणि विश्रांतीचं श्रेय. आणि केशरी भागातले नोबिलेटिन, टँजरेटिन स्निग्धात विरघळणारे आहेत, तेव्हा सोबत तेल किंवा तूप हवं.

या सगळ्यावर मला सापडलेली सगळ्यात चांगली वाट म्हणजे जवसाची चटणी. विदर्भात ती घरोघरी असतेच. वाटीभर जवस मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजायचं. थोडं जिरं, सात-आठ लसणाच्या पाकळ्या आणि दोन लाल मिरच्या थेंबभर तेलात परतायच्या. सगळं गार झालं की मीठ आणि सालीची पावडर दोन मोठे चमचे घालून भरड वाटायचं. जवसाचं तेल सालीला उपयोगी पडतं आणि जवसाचा खमंगपणा सालीचा कडवटपणा झाकतो. ज्वारीच्या भाकरीवर तूप आणि ही चटणी, एका जेवणाला एक चमचा. माझ्या सासूबाई, ज्यांना कडू काही चालत नाही, त्याही ही मागून खातात.

नुसती पावडर घ्यायची तर रोज अर्धा ते पाऊण चहाचा चमचा. दुकानातल्या छोट्या काट्यावर हे मोजलं तर दीड ग्रॅमच्या आसपास भरतं. वरणात फोडणी घालताना शेवटी टाकावी, किंवा ताकात. रिकाम्या पोटी नको. पहिला आठवडा पाव चमच्यानं सुरुवात करा आणि छातीत जळजळ होते का ते पाहा.

काढा हवाच असेल तर असा करा: एक चमचा वाळलेली साल हातानं चुरून, आल्याचा तुकडा ठेचून, दोन कप पाण्यात झाकण ठेवून मंद उकळायचं, एक कप उरेपर्यंत. झाकण ठेवलं नाही तर स्वयंपाकघर छान घमघमतं आणि कपात मात्र काही उरत नाही. मऊ झालेली साल चमच्यानं खाऊन टाका. थंडीच्या सकाळी, आखडलेल्या अंगाला हा काढा फार बरा वाटतो. साखर असणाऱ्यांनी गूळ घालू नये.

बाहेरून लावायचं तेल

एक वाटी तिळाचं तेल, अर्धी वाटी पूर्ण वाळलेली संत्र्याची साल. ओली साल घातली तर तेल बुरशीनं खराब होतं. तेलाचं भांडं गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवून तासभर मंद आचेवर राहू द्या. तेल उकळता कामा नये. गार झालं की गाळून गडद बाटलीत भरा. रात्री गुडघ्याच्या भोवती हलक्या हातानं दहा मिनिटं चोळायचं, वर गरम पाण्याच्या पिशवीचा शेक. आराम पडतो तो बहुतांशी चोळण्यानं आणि उबेनं. सालीचा त्यातला वाटा किती हे वेगळं काढता येत नाही, पण तो वास असला की माणूस रोज आठवणीनं चोळतो, आणि दुखण्यात नेमच उपयोगी पडतो.

आधी कोपराच्या आतल्या बाजूला थेंब लावून एक दिवस थांबा. लिमोनीन हवेत उघडं राहिलं की त्यातून त्वचेला खाज आणणारे पदार्थ तयार होतात, म्हणून दोन महिन्यांनी तेल बदला, खवट वास आला तर त्याआधीच. बाजारात मिळणारं संत्र्याचं अर्कतेल न मिसळता कातडीवर लावायचं नाही. आणि लिंबाची साल गुडघ्यावर घासून उन्हात जायचं नाही, ही गोष्ट मी हात जोडून सांगते. लिंबाच्या सालीत असे पदार्थ असतात की त्यांवर ऊन पडलं की भाजल्यासारखे फोड येतात आणि मागे महिनोन्‌महिने काळे डाग राहतात. विदर्भाच्या उन्हात हे फार सहज घडतं.

कुणी खाऊ नये

पपनस आणि ग्रेपफ्रूट यांत जे पदार्थ असतात ते आतड्यातलं औषध मोडणारं एक एन्झाइम बंद पाडतात. १९८९ च्या सुमारास कॅनडात फेलोडिपिन या बीपीच्या गोळीवर काम करताना हे योगायोगानं लक्षात आलं. गोळी तेवढीच, पण रक्तात तिचं प्रमाण कितीतरी वाढतं. कोलेस्टेरॉलच्या अ‍ॅटोरव्हास्टॅटिनलाही हे लागू आहे, आणि ती तर आज प्रत्येक दुसऱ्या घरात असते. संत्र्यात आणि मोसंबीत हे पदार्थ नगण्य असतात, म्हणूनच मी त्यांचीच शिफारस करते. तरीही मूत्रपिंडाचं प्रत्यारोपण झालेल्यांनी, म्हणजे टॅक्रोलिमस किंवा सायक्लोस्पोरिन घेणाऱ्यांनी, कुठलीच साल घेऊ नये. वॉरफरिनसारखी रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय रोजची सवय लावू नका. आम्लपित्त, जठराचा व्रण, लिंबूवर्गीय फळांची अ‍ॅलर्जी असेल तर नको. गरोदर बायकांनी आणि लहान मुलांनी फळ खावं, पावडर नको.

काही दुखणी अशी असतात की तिथे सालीचा विचारसुद्धा करायचा नाही. एकच सांधा अचानक लाल, गरम, टम्म फुगला आणि अंगात ताप आहे, तर त्याच दिवशी डॉक्टर. पडल्यावर पाय टेकवत नसेल तर एक्स-रे. पोटरी एका बाजूची सुजली आणि दाबली की दुखते, तर ती चोळू नका, रक्ताची गाठ असू शकते. सकाळी उठल्यावर बोटं अर्धा तासाहून जास्त आखडलेली राहतात आणि असं काही आठवडे चाललं आहे, तर संधिवाताची तपासणी करून घ्या. तो वेळेत धरला तर सांधे वाकडे होण्यापासून वाचतात, आणि काढे करण्यात वर्ष गेलं तर नुकसान भरून येत नाही. पावसाळ्यात तापाबरोबर सांधे धरले तर चिकुनगुनिया असेल, डेंग्यूही असेल. डेंग्यू नाही हे कळेपर्यंत पॅरासिटामॉलशिवाय दुखण्याची कुठलीही गोळी घेऊ नका, अगदी घरात पडलेली असली तरी.

डॉक्टरांकडे जाल तेव्हा गोळ्यांच्या पाकिटांबरोबर ही पावडरही सोबत न्या, आणि रोज किती घेता ते सांगा. मेडिकलमध्ये नवी गोळी घेतानाही सांगा. मी तरी विचारतेच.